इंजिनाची आंघोळ

गाडीच्या इंजिनाला आंघोळ घालू नये, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

गाडी माझी नव्हती. माझ्या मेव्हण्याची, शेखरची होती. देशाचा बाजार नुकताच खुला झाला होता आणि आमच्या बरकतपुऱ्याच्या गल्लीत घरोघरी परदेशी वस्तू दिसू लागल्या होत्या. त्या दिवसांत शेखर मस्कतची नोकरी सोडून परत आला आणि येताना आपली जुनी जपानी गाडीही जहाजातून घेऊन आला. लगेच त्याला बंगळूरला काम मिळालं. माझे सासू-सासरे हयात नव्हते, त्यामुळे त्याचं घर म्हणजे आमचंच घर आणि त्याची गाडी म्हणजे आमच्याच अंगणातली अडचण! जाताना तो म्हणाला, "दाजी, आठवड्यातून एकदा चालू करा. बाकी काही करू नका."

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. 'बाकी काही करू नका' हे वाक्य मला तेव्हाही अपमानास्पद वाटायचं, अजूनही वाटतं.

चारच दिवसांनी दसरा होता. वाहनाची पूजा करायची म्हणजे वाहन स्वच्छ हवं. बायको, विमल, आत पुरण वाटत होती. मी बॉनेट उघडलं, बागेचा पाइप लावला आणि कपडे धुण्याचा साबण घेऊन इंजिन घासघासून लख्ख केलं. हार घातला, नारळ फोडला आणि पहिल्यांदाच किल्ली फिरवली.

गाडी चालू झाली आणि थरथर कापू लागली! काकडआरतीला गार पाण्यानं न्हाऊन आलेल्या माणसासारखी. समोर इंजिनाच्या आकाराचा एक नारिंगी दिवा लागला, हारातली झेंडूची फुलं टपाटपा गळली आणि गाडी मेली. धावताना ठीक धावायची, पण जागेवर उभी केली की कापायची आणि बंद पडायची.

अफझलगंजचे जब्बारभाई माझ्या स्कूटरचे जुने मिस्त्री. त्यांना बोलावलं. त्यांनी बॉनेटखाली डोकं घातलं ते बराच वेळ काढलंच नाही.

"मास्टरसाब, इसका कार्बुरेटर किधर है?"

"इसमें कार्बुरेटर नहीं रहता, जब्बारभाई. इंजेक्शन है."

"इंजेक्शन?" जब्बारभाई दोन पावलं मागं सरकले. "तो डाक्टर कू बुलाओ ना! मेरेकू कायकू बुलाए?"

डॉक्टरही सापडला. आबिड्सच्या मागं श्रीनिवास नावाच्या एका मेकॅनिकनं संगणकवालं नवं गॅरेज काढलं होतं. तो एक डबा घेऊन घरी आला, डब्याची वायर गाडीला जोडली आणि विचारलं, "सार, इंजन पे पानी गिराया क्या?"

नेमकी त्याच वेळी विमल चहा घेऊन आली.

"छे! एक बूँद नहीं!" मी म्हणालो.

"पानी नहीं गिरा तो सेन्सरच खराब है, सार. अंदर कितना हवा जारा, वो गलत बोलरा."

हवेचा सेन्सर बदलला. गाडी कापतच राहिली. मग पेडलजवळचा बदलला, मग धूर हुंगणारा बदलला. (गाडीत इतके सेन्सर असतात हे मला तेव्हा कळलं. नशीब, खोटं पकडणारा नव्हता!) दर वेळी श्रीनिवास डोकं खाजवत तोच प्रश्न विचारायचा आणि दर वेळी मी तेच उत्तर द्यायचो. एकदा खोटं बोललं की त्याचीही नित्यनेमानं देखभाल करावी लागते.

अशात शेखरचा फोन आला. "दाजी, रविवारी परभणीहून जाधवसाहेब येऊ लागले. मला सांगून आलेल्या मुलीचे वडील. घर बघायला. मीही सकाळी पोचतो, पण तुम्ही त्यांना काचीगुडा स्टेशनवर उतरवून घ्या. माझ्या गाडीनं! इंप्रेशन पडलं पाहिजे."

इंप्रेशन पडलं. जाधवसाहेब, म्हणजे निवृत्त नायब तहसीलदार, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत माझ्या शेजारी बसले. गाडी बंद पडू नये म्हणून मी एका पायानं ब्रेक आणि दुसऱ्यानं ॲक्सिलरेटर दाबून धरला होता. चौकात पोलिसानं हात दाखवला तेव्हा आमची गाडी जागेवर उभी राहून डरकाळ्या फोडत होती.

"घाई आहे का आपल्याला?" जाधवसाहेबांनी विचारलं.

"नाही, नाही!" मी घाबरून पाय काढला. लगेच गाडी कापू लागली. जाधवसाहेबांचा चष्मा नाकावरून घसरत घसरत मिशीवर आला. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "घाबरू नका. मुलगी आमची आहे. थरथरायचं तर आम्ही."

त्या चांगुलपणानं माझा बांध फुटला. घरी पोचलो, पोहे आले, शेखर नवे कपडे घालून समोर बसला आणि जाधवसाहेब पहिला घास घेणार तेवढ्यात मी उभा राहिलो.

"शेखर, तुझी गाडी मी बिघडवली! दसऱ्याला इंजिनावर पाणी मारलं. साबण लावून!"

"अगंबाई!" विमल ओरडली. "तरीच मी म्हणलं, साबण कुठं गेला! आणि त्या श्रीनिवासला तोंडावर खोटं सांगू लागलात?"

शेखर मात्र लालबुंद झाला होता. रागानं नव्हे. तो चाचरत म्हणाला, "दाजी, ती गाडी मस्कतपासूनच कापते. तो दिवाही तेव्हापासूनच लागतो. मी त्याच्यावर काळी पट्टी चिकटवून ठेवली होती."

मला आठवलं. दसऱ्याच्या साफसफाईत ती पट्टी मी मळ समजून नखानं खरवडून काढली होती!

जाधवसाहेबांनी बशी खाली ठेवली. स्थळ मोडलं, असं मला स्वच्छ दिसलं. ते उठले, बाहेर गेले आणि म्हणाले, "चालू करा."

गाडी कापू लागली. त्यांनी बॉनेट उघडून कान लावला. "तीस वर्षं सरकारी जीपमध्ये काढली, त्यातली निम्मी रस्त्याच्या कडेला," असं म्हणत त्यांनी इंजिनामागच्या एका करंगळीएवढ्या रबरी नळीवर अंगठा दाबला. गाडी एकदम शांत! अंगठा काढला, फिस्स आवाज आणि पुन्हा थरथर.

"नळी चिरली आहे. फुकटची हवा आत जाते, सेन्सर बिचारा काय करणार? चीर जुनी आहे. पट्टी आहे का कोणाकडे?"

शेखरनं खाली मान घालून खिशातून काळ्या पट्टीचं नवं रिळ काढलं. (दिव्यासाठी आणलं होतं!)

नळी बांधून झाल्यावर जाधवसाहेबांनी हात धुतले आणि विमलला म्हणाले, "ताई, स्थळ पसंत आहे. या घरात कोणाला काही फार दिवस लपवता येत नाही. मुलीच्या बापाला आणखी काय पाहिजे?"

लग्न थाटात झालं. जाधवसाहेबांनी जातीनं प्रत्येकाला काम वाटून दिलं होतं. मला सांगितलं, नवरदेवाची गाडी सजवून होईपर्यंत तुम्ही मंडपाच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीवर बसून राहा. तेवढं काम मी चोख केलं. फक्त एकदाच उठलो, आचाऱ्याचा स्टो भडकू लागला होता तेव्हा, पाण्याची बादली घेऊन. जेवण उशिरा झालं.