आराखड्यावरची सही

कुठल्याही कारखान्यात पाऊल टाकलं, की मडावी मॅडम आधी साहेबांच्या केबिनकडे जायच्या नाहीत. यंत्रावर उभा असलेला माणूस शोधायच्या, त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि विचारायच्या, "भाऊ, हे मशीन कवा रुसते?" साहेब आत ताटकळत बसायचे. माणूस आधी लाजायचा, मग बोलायला लागायचा. ब्रह्मपुरीजवळच्या एका भातगिरणीत अशाच एका मिस्त्रीने त्यांना सांगितलं, की मागचं दार उघडं राहिलं की वाऱ्याने ड्रायरचं तापमान खोटं दिसतं. नकाशात ते दार कुठेच नव्हतं. मॅडमनी तापमापकाची जागाच बदलली.

"मशीनची भाषा मले येत नाई," त्या म्हणायच्या. "मशीनपाशी वीस वर्सं राह्यलेल्या माणसाची येते."

चंद्रपूरच्या ज्या सल्लागार कंपनीत मी नोकरीला लागले, तिथे त्या माझ्या वरिष्ठ होत्या. कारखान्यातली यंत्रं आपोआप चालावीत म्हणून नियंत्रणव्यवस्था आखून द्यायची आणि दूरची गावं-कार्यालयं रेडिओने एकमेकांना जोडून द्यायची, हे आमचं काम. दुसरं काम मॅडमचं विशेष लाडकं. त्या स्वतः धानोरा तालुक्यातल्या जंगलगावच्या. गोंडी ही त्यांची घरची भाषा. शिकायला बाहेर पडल्या तेव्हा घरी निरोप पाठवायचा तर आठवडी बाजाराला जाणारं कोणीतरी गाठावं लागे. हे त्या हसत सांगायच्या, पण मनोऱ्यावर पहिला सिग्नल लागला की त्यांचे डोळे भरून यायचे.

धानोऱ्यापलीकडच्या एका आरोग्य उपकेंद्राला रेडिओने जोडायचं काम आलं, तेव्हा त्या दुसऱ्या साइटवर अडकल्या होत्या. सर्वेक्षणाला त्यांनी मला पाठवलं. मोहफुलं वेचायचे दिवस होते. मधल्या टेकडीवरच्या सागाच्या नुसत्या काड्या उरल्या होत्या आणि त्यांच्या आरपार दुर्बिणीतून पलीकडचा मनोरा स्वच्छ दिसत होता. कमी उंचीचा खांब पुरेल, असं मी लिहून दिलं. मॅडमनी घाईत आराखडा चाळला आणि सही केली.

खांब उभा राहिला आणि उरलेला उन्हाळा फोन छान लागला. पावसाळ्यात सागाला पानं आली, ताटाएवढी आणि पाण्याने निथळणारी, आणि सिग्नल बंद पडला. जुलैत उपकेंद्रात एक बाई अडली. सिस्टर फोन लावून लावून थकली. शेवटी तिने स्वतःच्या हिमतीवर त्या बाईला ट्रॅक्टरमध्ये घातलं. बाई आणि बाळ वाचली ती त्या सिस्टरमुळे.

गडचिरोलीला बैठक बसली. खांब उभारणारा ठेकेदार पोटे, साधा माणूस, घाम पुसत उभा होता. उपकरणं हलकी वापरली असणार, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्याला पुढे काम द्यायचं नाही, इथवर बोलणं आलं. चूक काय झाली ते मला आदल्या दिवशीच कळलं होतं. मी मान खाली घालून वहीत रेघा ओढत बसले.

मॅडम उठल्या. "पोटेभाऊनं आम्ही सांगितलं तसंच केलं," त्या म्हणाल्या. "उंची आमची चुकली. आराखड्यावर सही माझी आहे. सागाले पान कवा येते हे मले नाई माहीत, तर कोणाले माहीत असंन? मी विचारलंच नाई."

सर्वेक्षण कोणी केलं, असं एका साहेबांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "सांगितलं ना, सही माझी आहे."

तिथून त्या मला घेऊन थेट उपकेंद्रात गेल्या. सिस्टरपुढे उभं राहून गोंडीत बराच वेळ बोलल्या. मला एक शब्द कळला नाही, पण सिस्टरने शेवटी त्यांचे दोन्ही हात धरले, ते पाहिलं. उंच खांब उभा राहीपर्यंत मॅडम दर आठवड्याला तिकडे जात होत्या. दसऱ्याच्या सुमाराला, पानं झाडावर असतानाच, फोन लागला.

पण आमच्या मालकांनी मॅडमकडून रेडिओचं सगळं काम काढून घेतलं. मॅडमनी आपलं टेबल खिडकीजवळून उचलून कोपऱ्यात नेलं आणि त्या पॅनलच्या आकृत्या काढू लागल्या. जंगलातल्या कामांच्या फायली माझ्याकडे आल्या. वर्षभराने नोकरी सोडून त्या ब्रह्मपुरीला मुलींना वायरिंग शिकवायला गेल्या.

तिथल्या बसस्टँडवर एकदा अचानक भेटल्या. शेअर जीप भरायची होती, म्हणून आम्ही उसाचा रस घेतला. इतकी वर्षं मनात राहिलेलं मी बोलून टाकलं, "मॅडम, त्या दिवशी मी गप्प बसले. तुम्ही मला एका शब्दानेही बोलला नाहीत."

"राग आला होता ना," त्या शांतपणे म्हणाल्या. "लई आला होता. आठ दिवस तुह्या हातचा चहा पेली नाई मी. खिडकीतून सांडून देत होती. तुले समजलंच नाई?"

मला खरंच समजलं नव्हतं. त्या खळखळून हसल्या. मला मात्र रडू आलं.

"रडून काऊन राह्यली, मेघा? मग नवव्या दिवशी पेली ना." जीपवाल्याने हाक मारली. आत बसता बसता त्या ओरडल्या, "घरी ये एकदा गावाले! मुक्कामानं ये!"

येते म्हणाले. मग एक काम संपलं, दुसरं लागलं. धानोऱ्यापर्यंत कितीदा तरी गेले. त्यांचं गाव तिथून पुढे तासाभरावर, तेवढं राहत गेलं. मग एका दुपारी, मॅडम गेल्या म्हणून, त्यांच्या बहिणीचा फोन आला.

मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. बहिणीने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तुमीच काय जी मेघा? ताई म्हणे, तुमी येणार हाव."