बूस्टर गच्चीवरच लागणार

सुनेत्रा मोघेची सगळी सरकारी नोकरी रेडिओच्या मनोऱ्यांखाली गेली. निवृत्तीनंतर दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून ती आणि तिचा नवरा अविनाश गाझियाबादच्या सोसायटीत आले, तरी घरात काही बिघडलं की पेचकस तिच्याच हातात असायचा. गेल्या वर्षी मात्र ती स्टुलावरून पडली, मनगट मोडलं आणि अविनाशनं स्टूलच कुणाला तरी देऊन टाकलं. तेव्हापासून बल्ब बदलायलाही माणूस यायचा. सुनेत्रा आतल्या आत धुमसायची.

यंदा सव्वीस जानेवारी तोंडावर आली आणि रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली. अख्ख्या सोसायटीचं नेट आणि टीव्ही बंद. दरवर्षी सगळे हॉलमध्ये जमून परेड बघायचे. सेक्रेटरी त्यागीजी कार्यक्रम रद्द करायला निघाले, तेव्हा सुनेत्रानं त्यांना समजावलं की दूरदर्शन हवेतूनही येतं, हॉलच्या टीव्हीत ते पकडायची सोय आहे, फक्त गच्चीवर अँटेना हवा.

इलेक्ट्रिशियननं अँटेना बसवला, पण चित्र चौकोन-चौकोन होऊन थिजू लागलं. त्यानं टीव्हीमागे बूस्टर जोडून बघितला, उपयोग झाला नाही. समोरच्या उंच इमारतींमुळे सिग्नल आधीच अशक्त, त्यात नऊ मजले वायरीतून उतरेपर्यंत तो आणखी विरायचा. खाली वाढवला तर त्याच्याबरोबर खरखरही वाढणार. त्याला जोर द्यायचा तो वरच, अँटेनाला चिकटून, हे सुनेत्राला पक्कं ठाऊक होतं. दिल्लीच्या लजपतराय मार्केटमध्ये जाऊन तिनं प्रिअँप्लिफायरची, म्हणजे अँटेनालाच लावायच्या बूस्टरची, डबी आणली. तोवर इलेक्ट्रिशियन सुट्टीसाठी गावी निघून गेला होता.

तिनं हातमोजे चढवले, तर अविनाश दारात उभा.

"दुसऱ्या कुणाकडून करून घे."

"मला हे येतं, अविनाश. तू फक्त शिडी धर."

त्यानं तिच्या मनगटाकडे बघितलं. मग म्हणाला, "तू पडलीस तेव्हा मी घरात नव्हतो."

वर्षभर तिला वाटत होतं, हा आपल्याला म्हातारी समजून अडवतो; त्याची ही धास्ती तिला आत्ता कळली. तिचा आवाज मऊ झाला. "आज आहेस ना. चल."

गच्चीवर बोचरं वारं होतं. अविनाशनं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली. सुनेत्रानं अँटेनाच्या दांड्यावर डबी कसली, वायर जोडली. डबीला वीज खालून त्याच वायरीतून मिळायची होती. तिनं त्यागीजींना फोन करून हॉलमधला स्विच दाबायला सांगितला आणि अँटेना हळूहळू फिरवू लागली. खाली हॉलमध्ये चित्र आलं, तुटलं, परत आलं आणि स्थिर झालं. त्यागीजी फोनवर नुसतं "बस, बस" म्हणत राहिले.

परेडच्या दिवशी हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. चहाच्या वेळी शेजारच्या टॉवरमधली विजयालक्ष्मी विचारायला आली, आमच्या गच्चीवरही लावाल का?

सुनेत्रा हो म्हणाली. अविनाशनं लगेच विचारलं, "रविवारी सकाळी चालेल? आम्ही दोघं येऊ."