आधी चहा देऊ नका

पत्रकाची पहिली ओळ वाचणाऱ्याच्या अंगावर गेली पाहिजे, हे मी गोव्यात मोपाच्या पठारावरच्या जमिनींच्या भांडणात शिकले. पुढे पाळी गावात खाणीच्या धुळीवर लिहिताना हात आणखी तिखट झाला. त्यामुळे आमच्या गावी, चोपड्यात, शेजारच्या दादाचा विमा नाकारला गेल्याचं कळलं, तेव्हा तासाभरात माझं पत्रक तयार होतं. मथळा होता, 'देशासाठी पाय दिले, विम्याने हात झटकले.' मला तो फार आवडला होता.

दादा सैन्यात होता. डोंगरातल्या रस्त्यावरून त्यांचा ट्रक दरीत गेला आणि त्याचा कणा मोडला. कमरेखाली हालचाल, संवेदना काही उरलं नाही. सैन्याने घरी पाठवलं, पेन्शन सुरू झाली, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न होता तो पगाराच्या खात्याबरोबर मिळणाऱ्या अपघात विम्याचा. त्यात 'कायमचं पूर्ण अपंगत्व' असा एक रकाना असतो. दादा त्यात बसत नाही, असं कंपनीचं पत्र आलं होतं.

त्या पैशांतून मदतीला एक माणूस ठेवायचा होता. तोवर वहिनीच दादाला उचलत होती. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, परत पलंगावर. चाळिशीच्या आत तिची कंबर गेली होती. पाटावरून उठताना ती आधी भिंत शोधायची.

दादाने पत्रक वाचलं आणि घडी घालून मला परत दिलं. माझ्या नावाने गावात बोवाळ नको, बोभाटा नको, म्हणाला. मी चिडले. मग निदान फाईल तरी दाखव, म्हटलं.

फाईलमध्ये सगळं होतं. सैनिकी इस्पितळाचे दाखले, फोटो, शिक्के. आणि मध्येच, तपासणीला घरी येऊन गेलेल्या माणसाचा एक कागद: 'प्रकृती चांगली असल्याचे स्वतः सांगितले. सर्व कामे स्वतः करतो. कसलाही त्रास नाही.'

हे खोटं कुणी लिहिलं, असं मी विचारलं तेव्हा दादा बाहेर माडांकडे बघायला लागला. उत्तर वहिनीने दिलं. खोटं कसलं, दादाने हेच सांगितलं. तो माणूस बलकांवात, दारापुढच्या बैठकीवर बसला, तिने चहा आणि बिस्किटं दिली. 'कसे आहात?' असं त्याने विचारलं. यावर आमच्याकडे माणूस जे म्हणतो तेच दादा म्हणाला, 'बरो आसां.' काही त्रास? काय ना. आपलं आपण करता? करतां मरे.

"असं कसं सांगितलंस?" मी म्हटलं.

"घरा आयल्ल्या मनशाक आपलें दुखणें कित्याक सांगप, बाय?"

घरी आलेल्या माणसाला दुखणं कशाला सांगायचं, यावर पत्रक कसं लिहायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. चूक कंपनीचीही होतीच. इस्पितळाच्या दाखल्यांपेक्षा चहाच्या कपावरचं बोलणं कुणी खरं धरतं का? पण माझ्या घरीही ताप अंगात असताना आई दारातल्या माणसाला बरी आहे म्हणूनच सांगते. तेव्हा रागावणार कुणावर?

आम्ही अपील केलं. तपासणी पुन्हा व्हायची ठरली. आठवडाभर मी दादाला शिकवत होते, हे सांग, ते सांग. तो मान हलवायचा. मी गेले की वहिनीला म्हणायचा, हिला वकील करायला हवी होती.

या वेळी एक वयस्क बाई आल्या. त्या बसल्या, आणि वहिनी सवयीने आत वळली. दादाने तिला थांबवलं.

"च्या आदीं दिवंक नाका. च्या घेतली काय ती सोयरी जाता."

चहा घेतला की ती पाहुणी होते, आणि पाहुणीला दुखणं सांगत नाहीत, हे बाईंना कळलं असावं. त्यांनी पेन काढलं आणि विचारलं, कसे आहात. मी बोलायला तोंड उघडलं, तर दादाने हातानेच मला थांबवलं.

"बरो ना," तो म्हणाला.

पुढचं त्याने सावकाश सांगितलं. लघवीची पिशवी, पाठीवरच्या जखमा, रात्रभर पेटल्यासारखे वाटणारे पाय, जे चिमटा काढला तरी कळत नाहीत. वहिनी बाहेर जाणार असली की तो सकाळपासून पाणी पीत नाही, कारण मग कुणाला बोलवणार. हे वहिनीलाही माहीत नव्हतं. ती दाराच्या चौकटीला हात लावून ऐकत होती. बाईंनी लिहिलेलं वाचून दाखवलं. दादाने सही केली आणि म्हणाला, आता च्या हाड. वहिनी चहा आणायला आत गेली.

विमा मंजूर झाला. आता सकाळ-संध्याकाळ एक माणूस येतो. वहिनीची कंबर काही परत आली नाही.

माझं जुनं पत्रक कपाटात तसंच आहे. जखमी जवानांच्या घरांसाठी मी नवं लिहिलं, एकाच पानाचं. पहिली ओळ अशी: 'तपासणीला माणूस आला की आधी चहा देऊ नका.' दादाला दाखवलं. त्याने दोनदा वाचलं, पेन्सिल मागितली, आणि त्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, 'मागीर मात दियात.'

नंतर मात्र द्या. तेही मी तसंच छापलं.