तळ्यावरच्या लेकी

माझी सासू सारजाबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. तोंडानं लई फटकळ, पण तळ्यावर पाखरं उतरली की बाई पार मऊ व्हायची.

पडेगावच्या पल्याड आमची वस्ती, तिला लागूनच पाझर तलाव. दिवाळीच्या तोंडावर तिथं पाखरांची नुसती जत्रा. लांब गुलाबी पायांचे शेकाटे, नारंगी चक्रवाक, चिखलात चोच खुपसत पळणारे तुतवार, काठच्या बाभळींवर करकोचे अन् बगळे. आत्याबाई म्हणायच्या, "दिवाळीला येत्यात, म्हंजी माहेराला आलेल्या लेकीच की!" लेक दारात आली की आपण भाकरतुकडा ओवाळून टाकतो ना, तसाच पहिला थवा उतरला की त्या काठावर जाऊन ओवाळायच्या. वस्ती फिदीफिदी हसायची. हसंना का!

मग दुष्काळ पडला. एक साल नाय, लागोपाठ. तळ्याला पाय अडकतील अशा भेगा. त्या दिवाळीला थवा आला अन् वरच्या वर घिरट्या घालून निघून गेला. "लेकी उपाशी गेल्या गं," म्हणून आत्याबाई ढसाढसा रडल्या. सासरे वारले तवा बी एवढं रडल्या नव्हत्या.

त्याच टायमाला शहर आमच्या अंगावर येत होतं. शेजारच्या रानात प्लॉट पडले, तिथं भरावाला माती पायजे होती. ठेकेदार म्हणाला, तळ्यातला गाळ फुकट काढून देतो. गावकरी का-कू करीत होते, तर आत्याबाई पदर खोचून पुढं. "काढा रे बाबांनो! चांगलं खोल करा! पाणी टिकलं पायजे." जेसीबीपुढं नारळ बी त्यांनीच फोडला. त्या मुडद्या ठेकेदारानं गाळाबरोबर काठ बी कापून नेले. बाभळी मुळासकट उपटल्या. मी ओरडले, "आत्याबाई, झाडं चालली!"

"झाडं उगवतील गं. आधी पाणी."

पुढं पाऊस झाला. तळं गच्च भरलं. आत्याबाईंचा आनंद काय सांगू! दिवाळीत थवा दिसला तशी त्या भाकर घेऊन पळतच सुटल्या, मी मागं. एक शेकाट्या खाली आला, त्यानं लांब पाय सोडले. पण काठ भिंतीवाणी सरळ अन् खाली हत्ती बुडंल एवढं पाणी. फडफडत वर गेला. परत आला, परत गेला. मग सगळाच थवा वळला.

"पाणी हाय की गं, मग चालल्या का?" आत्याबाई मटकन खाली बसल्या. कापलेला काठ हातानं चाचपला. मग म्हणाल्या, "पाय कुठं टेकवतील, तनुजा? उथळ जागाच ठेवली नाय मी."

तवापासून रोज घमेल्यानं माती नेऊन काठावर ओतायच्या. ती सरकन घसरून तळाला जायची. "बास करा, कंबर मोडंल," मी म्हणायचे. ऐकतील तर शप्पथ!

यंदा दिवाळीला माझी नणंद आली, गंगापूरला दिलेली. लेकरू कडेवर घेऊन दारात उभी राहिली. मी भाकरतुकडा आणून आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो माझ्याच हातात परत ठेवला.

"तू ओवाळ, बाई. मी लेकींचा उंबरा खणून टाकला. माझ्या हातानं नगं."

अन् आत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी ओवाळलं, अन् नणंद आपली विचारतीय, "वहिनी, आईचं काय चुकलं गं?"