खालच्या फळीवरचे उंदीर

आमच्या संस्थेत प्रयोगाचे प्राणी सांभाळणारा काशीराम हा ओवे गावचा. गावाच्या जमिनीवर नवं शहर वसलं तेव्हा घरची शेती गेली आणि बदल्यात नोकरी मिळाली, ती ही. त्याचा बाप भाताच्या शेतात उंदरांच्या बिळांना धूर द्यायचा. मुलगा उंदरांना एसीत ठेवून गाळलेलं पाणी पाजतो. मी स्टोअरचा कारकून, पनवेलचा, आणि माझी जीभ जरा तिखटच. खाद्याची गोणी देताना मी दर आठवड्याला विचारायचो, "काय काशीराम, बापाचं पाप फेडतोयस का?" तो हसायचा आणि गोणी खांद्यावर टाकून चालू लागायचा.

कामाला मात्र एवढा चोख माणूस मी दुसरा पाहिला नाही. पिंजरा बदलताना सगळे उंदराला शेपटीला धरून उचलतात. हा ओंजळीत घ्यायचा. मी टोकलं तर म्हणाला, "तुमाला कुनी केसाला धरून उचलला तं?" माझ्या डोक्यावर केस नाहीत, हे त्याला दिसत होतंच.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टर समृद्धी मॅडमनी लिव्हरचा प्रयोग सुरू केला. तापाची साधी गोळी प्रमाणाबाहेर पोटात गेली तर माणसाचं लिव्हर दोन-चार दिवसांत बंद पडू शकतं. तेच उंदरांत घडवायचं, निम्म्यांना नवं औषध द्यायचं आणि ते वाचतात का बघायचं. फळीवर वर सहा पिंजरे, खाली सहा. औषध खालच्यांना, वरच्यांना नुसतं मिठाचं पाणी. प्रयोगासाठी उंदरांची पोटं रिकामी हवीत, म्हणून आदल्या संध्याकाळी सगळ्या पिंजऱ्यांतलं खाद्य काढायचं, एवढंच काशीरामचं काम.

तिसऱ्या दिवशी वरचे बहुतेक उंदीर मेले. खालचे, दोन सोडले तर, सगळे जगले. मॅडमनी पेढे वाटले. एरवी फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी मलाही थांबवून आकडे सांगितले. काशीरामने पेढा घेतला आणि कागदावर तसाच ठेवून दिला.

"काय रे, साखर झाली का?" मी विचारलं.

तो मला स्टोअरच्या मागे घेऊन गेला. म्हणाला, "खाद्य काढला मी. मंग खिशात व्हता तो खालच्यान्ला टाकला. वर पोचाच्या आधी संपला."

मी कपाळाला हात लावला. का टाकलंस, असं विचारल्यावर तो समीक्षाबद्दल बोलला. त्याची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांपूर्वी, एकोणीस वर्षांची असताना, तिला कावीळ झाली. झाडपाला देणाऱ्याने तेल, मीठ, मासळी सगळं बंद करायला सांगितलं. पोरगी अंथरुणावरून म्हणत होती, बाबा, सुका बोंबील भाजून द्या ना, एकच. काशीरामने पथ्य मोडलं नाही. नुसती पेज दिली. चौथ्या दिवशी ती असंबद्ध बोलायला लागली, इस्पितळात नेली, तिथे लिव्हर बंद पडल्याचं सांगितलं, आणि दोन दिवसांत संपलं. "उपाशी गेली," तो म्हणाला. "उद्या मराचा हाय, त्याला आज उपाशी ठेवाचा, मना नाय जमत."

आता मी जे केलं ते सांगतो, आणि त्याची मला लाज वाटते. मी म्हणालो, "चार वर्षं राहिलीत तुझ्या नोकरीची. तोंड शिवून बस. मॅडम खूश, तू खूश."

"आनि उद्या कुनाच्या पोरीला ह्यो औषध देतील, मंग?"

तो तसाच जिना चढून मॅडमकडे गेला. मी मागोमाग दारापर्यंत गेलो, आत जायची छाती झाली नाही. त्याने सगळं सांगितलं. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची ओढली आणि बसल्या. मग कुठल्या पिंजऱ्यात किती टाकलं ते विचारून लिहून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "प्रयोग पुन्हा करावा लागेल. खाद्य तुम्हीच काढायचं. जमेल?"

"जमवतो," काशीराम म्हणाला.

दीड महिन्याने त्याने बाराही पिंजऱ्यांतलं खाद्य काढलं. त्या संध्याकाळी तो घरी गेला तो न जेवताच झोपला, असं त्याच्या बायकोने, कृष्णाबाईने, मला नंतर सांगितलं. या वेळी खालचे आणि वरचे सारखेच मेले. औषधात काहीच नव्हतं. मेलेले उंदीर त्यानेच ओंजळीत घेऊन बाहेर काढले.

मॅडमनी त्याला बोलावून निकाल सांगितला. मी या वेळी आत होतो.

"म्हंजे पयल्या येळेला वाचली ती माज्या खान्यानं?"

"हो. पोटात अन्न होतं म्हणून त्यांचं लिव्हर टिकलं."

काशीराम अगदी हळू म्हणाला, "मॅडम, मंग मी बोंबील दिला असता तं माजी पोर..."

मॅडम उठून त्याच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "नाही काशीराम. तिचा आजार वेगळा, हे विष वेगळं. उंदराचं सगळं माणसाला लागू होत नाही. तुम्ही काहीही दिलं असतं, तरी ती वाचली नसती."

"नक्की?"

"नक्की."

आम्ही दोघं जिना उतरलो. मी काहीतरी बरं बोलायचं म्हणून म्हणालो, "चला, मनावरचं ओझं तरी उतरलं."

काशीराम पायरीवर थांबला. "उतरला कसा? वाचनार नव्हती," तो म्हणाला, "तं मंग बोंबील का नाय दिला मी?"