आमचा वॉर्ड निळा कसा झाला

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही, आणि माझी बायको मी किल्ली कशी फिरवतो त्यावरून माझा मूड ओळखते. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. नुसती तोंडओळख असती, तरी जमलं नसतं.

माझा आतेभाऊ शिकागोला असतो. तिकडे निवडणुका आल्या की त्याचा फोन ठरलेला. "दादा, ही बिग सिटीज लाइफमध्ये कधी रिपब्लिकन व्होट करतील का रे? इथे तर जन्मात नाही!" मग मी मँचेस्टरच्या दक्षिणेकडच्या आमच्या वॉर्डाचा दाखला देतो. इथल्या पक्षांची नावं घेत नाही, लाल आणि निळे म्हणतो; तिकडच्या बरोबर उलट, इथे मोठी शहरं लालांची. इथे छातीवर फितीही त्याच रंगांच्या लावतात. आमचं शहर लालांचं, आणि आमचा वॉर्ड तर इतका की दगडाला शेंदूर फासून उभा केला तरी निवडून येईल, असं आम्ही म्हणायचो. तोच वॉर्ड एकदा निळा झाला. का झाला, यावर आमच्या मराठी मंडळात आजही तावातावाने चर्चा होते. कौन्सिल कचरा वेळेवर उचलत नव्हती, पार्किंग परमिट महाग केलं, नवे फ्लॅट झाले, त्यात मॉर्गेजवाली तरुण जोडपी आली. मी मंडळाचा जुना अध्यक्ष, त्यातून रिटायर्ड डॉक्टर, तेव्हा शेवटचा शब्द माझा. मी चष्मा काढून पुसतो आणि म्हणतो, "शहरं हळूहळू बदलतात."

शहाणा कुठला! मला माहीत आहे ना काय झालं ते.

अरविंदपासून सुरुवात करायला हवी. अरविंद आमचा कौन्सिलर, लालांचा, आणि माझा जुना मित्र. आम्ही दोघं साधारण एकाच सुमारास या देशात आलो, मी हॉस्पिटलात आणि तो कॉलेजात शिकवायला. बोलायला लागला की थांबत नाही, आणि चिवड्यातले काजू वेचून खातो. एवढे दोन दोष सोडले तर त्याच्यासारखा माणूस मी पाहिलेला नाही. माझी आई इथे थंडीत गेली, ख्रिसमसच्या सुट्ट्यांत, तेव्हा सगळं बंद. मी डॉक्टर असून नुसता खुर्चीत बसून होतो. क्रेमेटोरियमची वेळ त्याने मिळवली, लेस्टरहून भटजी आणले, स्वतः गाडी चालवत. नंतर त्याचा उल्लेखसुद्धा कधी केला नाही. अशा माणसाचं मी काय केलं?

सांगतो. पण आधी आरतीचं सांगावं लागेल, आणि त्याची मला नंतर दिलेल्या मतापेक्षाही जास्त लाज वाटते.

आमचा गणपती भाड्याने घेतलेल्या चर्च हॉलमध्ये बसतो. पहिल्या दिवशीची मानाची आरती अध्यक्षाची, म्हणजे वर्षानुवर्षं माझी आणि माझ्या बायकोची, नलिनीची. त्या वर्षी कमिटीने परस्पर ठरवलं की आपला माणूस कौन्सिलर आहे, या वेळी ताट अरविंदकडे द्यावं. अरविंद बिचारा अवघडला. ताट माझ्यापुढे करून म्हणाला, "डॉक्टर, तू घे रे, हे काहीतरीच." मी हसलो. म्हणालो, "छे छे, मान तुझाच." टाळ्यासुद्धा सगळ्यांत मोठ्याने मीच वाजवल्या. आणि घरी येऊन जेवलो नाही. सत्तरीकडे झुकलेला माणूस एका ताटासाठी रुसला होता—हसा, हसण्यासारखंच आहे. पण आतून मी पेटलो होतो. मंडळ उभं केलं मी, मूर्ती आणली मी, आणि मान त्याला? मे महिन्यापर्यंत मी ते विसरलो नाही.

मे महिन्यात कौन्सिलची निवडणूक. इथे मतदानाच्या दिवशी कार्यकर्ते आपल्या माणसांना फोन करतात, दारं ठोठावतात, म्हाताऱ्यांना गाडीतून नेतात. आपली मराठी म्हातारी मंडळी माझ्याकडे असत. कुणाचे गुडघे, कुणाचा दमा, आणि सगळ्यांचं एकच म्हणणं: "मी एकटी नाही गेले तर काय बिघडणार आहे?" मी दरवर्षी त्यांना नेऊन आणायचो, वाटेत थट्टामस्करी, परत आल्यावर चहा. त्या वर्षी मी सकाळीच एकेकाला फोन केला. आवाजात केवढी माया! "काकू, बाहेर फार गारठा आहे. अरविंद काय, येतोच आहे निवडून. तुम्ही उगाच त्रास नका घेऊ." सगळ्यांनी माझे आभार मानले. मग मी कोट चढवला, मतदान केंद्रावर गेलो, आणि निळ्यांच्या नावापुढे मताची फुली मारली.

त्याला पाडायचं होतं का? नाही. मताधिक्य थोडं घटावं, त्याचं नाक थोडं खाली व्हावं, एवढंच. आमचा वॉर्ड निळा होईल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं, म्हणून तर हात धजला. आता वाटतं, मोठी शहरं ज्या दिवशी फिरतात त्या दिवशी असेच लोक बाहेर पडत असतील—आपल्या एकट्याने काय होतंय, असं समजणारे.

संध्याकाळी अरविंदचा फोन आला. "झाली का रे आपली सगळी?"

"सगळ्यांना नेऊन आणलं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मतमोजणी. मतं दोनदा मोजली. अरविंद पडला, आणि पडला तो किती मतांनी? माझ्या गाडीत दोन-तीन फेऱ्यांत बसतील एवढ्या माणसांनी. तो छातीवरची लाल फीत काढत होता आणि पिन निघत नव्हती. मी पुढे होऊन ती काढून दिली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो म्हणाला, "तू तुझं काम केलंस, डॉक्टर."

गोष्ट इथे संपली असती तर कदाचित मी ती सांगितलीही नसती. मत गुप्त असतं, ते कुणालाही द्यावं. मित्राशी खोटं बोललो, तेही एखाद्या दिवशी त्याच्यापुढे कबूल केलं असतं. पण पुढे—

पुढे अनुजा येते.

अनुजा नाशिकची, आयटीतली, तिशीही न गाठलेली. नवऱ्याबरोबर, निखिलबरोबर, इथे आली तेव्हा पहिला भाड्याचा फ्लॅट मीच माझ्या ओळखीने मिळवून दिला होता. पोरगी तोंडाने फटकळ. मंडळाच्या भर कार्यक्रमात विचारायची, "काका, आपण ऑलवेज रेडच का? कोणी कधी क्वेश्चनच करत नाही!" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने निळ्यांच्या उमेदवार बाईंनाही बोलावलं होतं. आपल्या सगळ्या बायका गेल्या, वाण घेतलं, त्या बाईंबरोबर फोटो काढले. तेव्हा कुणाला काही वावगं वाटलं नाही.

निकालानंतरच्या रविवारी आम्ही अरविंदच्या घरी जमलो होतो. सुतकी चेहरे, गार झालेला चहा. शैलावहिनी, अरविंदची बायको, एकदम माझ्याकडे वळल्या. "भावजी, आपली माणसं तर तुम्ही सगळी नेलीत. मग व्होट्स गेली कुठे?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. ज्यांना मी फोन केले होते त्यांतलेही दोघं-तिघं होते, पण ते खाली मान घालून बसले. आपण गेलो नाही हे अरविंदच्या घरात बसून कोण सांगणार? प्रत्येकाला वाटत असणार, आपणच तेवढे राहिलो.

त्या क्षणी मी काहीही बोलू शकलो असतो. माहीत नाही, म्हणालो असतो. गप्प बसलो असतो. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "अनुजाकडे हळदीकुंकवाला कोण कोण होतं, ते जरा आठवा."

बस. नाव घेऊन आरोप केला नाही, एक अक्षर खोटं बोललो नाही. मी हुशार माणूस आहे. बाकीचं काम शैलावहिनींनी आणि इतरांनी केलं. आठवड्याभरात सगळ्यांच्या तोंडी झालं की अनुजाने बायका फोडल्या, आणि हे वाक्य डॉक्टरांचं आहे हे सगळे विसरले.

आपल्यात कुणी भांडत नाही, तुम्हाला माहीत आहे. ग्रुपवर तिच्या मेसेजला उत्तर येईनासं झालं. भिशीत "या वेळी फुल आहे गं," असं तिला सांगण्यात आलं. तेव्हा ती पोटुशी होती.

परदेशात आपली एक रीत आहे आणि तिचा मला फार अभिमान होता. कुणी बाळंत झालं आणि भारतातून आई येऊ शकली नाही, की मंडळातल्या बायका पाळ्या लावतात. कुणी डिंकाचे लाडू, कुणी अळिवाची खीर, कुणी नुसती बाळाला न्हाऊ घालायला जाते. अनुजाच्या आईचा व्हिसा नाकारला गेला. मुलगी झाली. पाळ्या कुणी लावल्याच नाहीत. एकटी नलिनी उठली, लाडू वळले, डबा भरून शाल अंगावर घेतली. मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणालो, "राहू दे ना सध्या. लोक बोलतील." का अडवलं मी तिला? नलिनी गेली असती तर अनुजा बोलली असती, आणि बोलता बोलता कुठेतरी माझ्यापर्यंत पोचली असती. मला भीती वाटली. नलिनीने डबा ओट्यावर ठेवला. ते लाडू मग मी खाल्ले, सकाळी दुधाबरोबर.

एक दिवस निखिलचा फोन आला. डॉक्टर म्हणून केला होता. "काका, ती झोपतच नाही. बाळाला घेत नाही. नुसती विंडोपाशी बसून राहते. आय डोन्ट नो व्हॉट टु डू." मी त्याला बरोबर तेच सांगितलं जे सांगायला हवं: ताबडतोब जीपीला, तुमच्या फॅमिली डॉक्टरला, फोन कर, बाळाला बघायला घरी येणाऱ्या हेल्थ व्हिजिटर नर्सला कळव, तिला एकटी सोडू नकोस. वैद्यकीयदृष्ट्या माझ्या सल्ल्यात कुणाला चूक काढता येणार नाही. त्यांचं घर माझ्या घरापासून चालण्याच्या अंतरावर होतं. मी गेलो नाही. पुढे तिला बाळासकट हॉस्पिटलात ठेवावं लागलं, बरेच दिवस. तिथून ती सुटली तेव्हा ते दोघं मँचेस्टर सोडून लंडनकडे, इल्फर्डला निघून गेले. मंडळात कुणीतरी म्हणालं, "बरं झालं, तिलाही नवी सुरुवात." त्यावर मान डोलावणाऱ्यांत मी होतो.

अरविंद परत उभा राहिला नाही. वॉर्ड पुढच्या खेपेला पुन्हा लाल झाला, त्यामुळे तो निळा का झाला होता याची चर्चा अजूनच रंगतदार झाली. अरविंद त्या चर्चेत पडत नाही, फक्त अनुजाचं नाव निघालं की उठून आत जातो. मी त्याच्या घरी दर रविवारी जातो. एका वाक्याचं काम आहे. किती रविवार गेले.

मागच्या वर्षी लंडनमध्ये, ईलिंगला एका लग्नात ती समोर आली. मी ओळखलं नाही, तिनेच ओळखलं. बारीक झाली होती, केस कापले होते, बरोबर मुलगी होती, शाळेत जाणारी, दात पडलेली. पळून जावं असं वाटलं मला. तिने चक्क वाकून नमस्कार केला आणि मुलीला म्हणाली, "से नमस्कार टु आजोबा. आपला फर्स्ट फ्लॅट यांनीच दिला होता."

मग माझ्याकडे बघून, अगदी हळू आवाजात, "काका, त्या वेळी सगळे माझ्या अगेन्स्ट होते. तुम्ही एकटेच काही बोलला नाहीत. आय नेव्हर फरगॉट दॅट."

मी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"हो गं," मी म्हणालो. "मला ते पटलंच नव्हतं."