डेक विकला तो शुक्रवार

डेक बघायला गिऱ्हाईक येणार होतं आणि मी त्याला शुक्रवारी बोलावलं. हे मला फार हुशारीचं वाटलं होतं. भिवंडीत शुक्रवारी लूमला, म्हणजे यंत्रमागाला, सुट्टी. आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून लूमचा कारखाना, त्यामुळे बाकीचे सहा दिवस आमच्याकडे गाणं ऐकणं म्हणजे त्या खडखडाटाशी मारामारी. शुक्रवारी गल्ली शांत असते, तेव्हा आपल्या सिस्टीमचा खरा आवाज गिऱ्हाइकाच्या कानावर पडेल, असा माझा हिशेब. एवढं सगळं डोक्यात आलं. आवाजाचं बटण आठवडाभर जिथं असतं तिथंच आहे, तेवढं मात्र आलं नाही.

गिऱ्हाईक जवळच्या वडपे गावचं होतं. हायवेलगतच्या जमिनीवर त्यानं नवीन घर बांधलं होतं आणि वास्तुशांतीला घरात काहीतरी वाजलं पाहिजे, अशी त्याच्या बायकोची अट होती. मी म्हणूनच सनईची कॅसेट निवडली. डेक, अॅम्प्लिफायर, दोन स्पीकर, हिरवे-तांबडे दिवे नाचवणारा इक्वलायझर, सगळं पुसून ठेवलेलं. स्पीकरवर बायकोनं विणलेली कव्हरं. त्या माणसानं चहाची बशी तोंडाला लावली आणि मी, एखाद्या मंत्र्यानं कोनशिलेचा पडदा ओढावा तसा, बटण दाबलं.

त्यानंतर जे झालं त्याला सनई म्हणत नाहीत. चहा त्याच्या सदऱ्यावर गेला. खिडकीच्या काचा थरथरल्या. आतून बायको पिठाच्या हातानं धावत आली. समोरच्या चाळीच्या गॅलरीत माणसं गोळा झाली आणि कोणीतरी विचारलंही, की काय हो, पोरीचं लग्न इतक्यात? पोरगी तिसरीत होती. मी बटणावर झडप घातली आणि ते पार खाली आणलं.

सदरा पुसत तो माणूस शांतपणे म्हणाला, "आवाज हाय. फुटत पन न्हाय."

सनई आता बेतानं वाजत होती, इतकी स्वच्छ, की वादकानं श्वास कुठं घेतला ते कळावं. या घरात मी ती तशी पहिल्यांदाच ऐकत होतो. विकायच्या दिवशी.

तेवढ्यात बाबा आमच्या गॅलरीतून आत आले. ते तिथं आमच्याकडे पाठ करून बसले होते. डेककडे न बघताच ते दारातून मला म्हणाले, "बंद का केलीस? चांगली वाजत होती."

सनई वाजतच होती.

वडप्याचा माणूस हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं माझी फिरकी घेतली. मीही हसलो. पण बायको पिठाचे हात तसेच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मग मी स्पीकरची वायर नीट करायच्या निमित्तानं भिंतीकडे तोंड केलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणालो, "बाबा, चहा घेणार का?" चहाला बाबांनी आयुष्यात कधी नाही म्हटलेलं नव्हतं. ते खुर्चीत बसून शांतपणे इक्वलायझरचे दिवे बघत राहिले.

आम्हाला आधी कसं कळलं नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगणं कठीण आहे. बाबांनी उभी नोकरी लूमच्या कारखान्यात कारकुनी करण्यात घालवली. त्यांचं टेबल ऑफिसात नव्हतं, शेडच्या दाराशी होतं. लूम चालू असताना तिथं कोणी कोणाचं ऐकत नाही, तोंडाकडे बघून समजून घेतात. कामगार तिकडून ओठ हलवतो, इकडचा मान हलवतो, काम होतं. बाबांची ती सवय घरातही होती. बोलताना ते टक लावून तोंडाकडे बघायचे, त्याला आम्ही त्यांचा अदब समजायचो. आणि आमचं घर म्हणजे काय, आम्ही सगळेच ओरडून बोलणारे. ठाण्याचे पाहुणे आले की घाबरून विचारायचे, भांडताय का? अशा घरात एखाद्याचे कान हळूहळू गेले तर तो उलट शहाणा वाटतो. मी स्वतःला सुराचा जाणकार समजत असे. ट्रेबल अर्धा काटा जास्त झाला तरी मला सहन होत नसे.

व्यवहार झाला. कसा झाला ते मला धड आठवत नाही; मी घासाघीस केली नाही, एवढं नक्की, कारण त्या माणसाला त्याचाच संशय आला. आत काही बिघाड तर न्हाय ना, असं त्यानं विचारलं. शेवटी फळीवरच्या रेडिओकडे बोट दाखवून म्हणाला, त्यो पन द्या, शोभेला बरा हाय.

रेडिओ द्यायचा नव्हता. मला मस्कतला नोकरी लागली आणि जायचं ठरलं तेव्हाच ते ठरलं होतं. मी, बायको आणि मुलगी जाणार. टीव्ही आधीच गेला होता, कपाट मेव्हण्याकडे, आता डेक. बाबा इथंच राहणार, त्यांचा हट्टच तो. आणि त्यांच्यासाठी रेडिओ राहणार. बातम्या आहेत, भजन आहे, घरात माणसाचा आवाज असेल. शिवाय फोन. खालच्या मजल्यावरच्या सूतवाल्या शेठकडे फोन होता आणि त्यानं स्वतः होऊन सांगितलं होतं, की शुक्रवारी दुपारी करा, चाचांना मी बोलावतो. शुक्रवारी लूम बंद, तिकडे मलाही सुट्टी. हे जुळून आलं तेव्हा मी घरभर सांगत फिरलो होतो. रेडिओ आणि शुक्रवारचा फोन, या दोन खुंट्यांवर मी बाबांना एकटं ठेवायचा बेत टांगून ठेवला होता.

सामान टेम्पोत चढवून दिलं. तो माणूस भला होता. बाबांच्या पाया पडला आणि वास्तुशांतीला या म्हणाला. बाबा म्हणाले, येईन की. तो समोर होता.

वर आल्यावर मी त्यांच्यापुढे खाली बसकण मारली, म्हणजे माझं तोंड त्यांना दिसेल. काय विचारायचं ते त्यांना आधीच कळलं असावं. धोतराचं टोक नीट करत ते वाट बघत होते.

मी विचारलं, रोज संध्याकाळी रेडिओ लावून बसता, ते काय?

"दिवा लागतो ना त्यात," ते म्हणाले. "दिवा लागला की कळतं, कोणीतरी बोलतंय. तेवढं पुरतं मला."

"आणि फोन? फोनवर तोंड दिसत नाही, बाबा."

त्याचाही त्यांनी विचार करून ठेवला होता. "तू तुझं बोल. मी मधून मधून हो, हो म्हणेन. सगळे बरे आहेत म्हणेन. तुला वाटेल म्हातारा ऐकतोय." मग जरा थांबून म्हणाले, "सांगितलं असतं तर गेला असतास का तू?"

मी काहीतरी बोललो, म्हणजे नुसते ओठ हलले असावेत, कारण त्यांनी ते वाचायचा प्रयत्न केला आणि वाचण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उठून गॅलरीत गेले. गल्लीत शुक्रवारची पोरं क्रिकेट खेळत होती. मी दर शुक्रवारी हेच चित्र बघत आलो होतो: बाबा खुर्चीत, खाली पोरांचा आरडाओरडा. पोरं बाबांच्या डोक्याला ताप देतात म्हणून मी कितीदा तरी वरून त्यांना दरडावलंही होतं.

संध्याकाळपर्यंत मी घरात येरझाऱ्या घातल्या. मस्कतच्या नोकरीला नाही म्हणावं, असं मनात आलं. मग इकडची नोकरी कधीच सोडून झाली आहे, हे आठवलं. बाबांना बरोबर न्यावं, तर त्यांच्या व्हिसाचं काही होण्यासारखं नव्हतं, आणि झालं असतं तरी ते या गल्लीतून हलले नसते. कानाचं यंत्र घ्यावं म्हणून मी त्यांच्यापुढे जाऊन विचारलं, तर म्हणाले, घेतलं होतं, पलंगाखाली आहे, त्यात नुसता लूम ऐकू येतो.

डेकच्या जागी भिंतीवर फिकट चौकोन उमटला होता. बायको त्याच्यासमोर बसून स्पीकरची कव्हरं घडी करत होती; ती तिनं विकायला दिली नव्हती. तिचा आणि मुलीचा पासपोर्ट आलेला होता, आणि मस्कतच्या घराला समुद्र दिसेल का, हे तिनं मला आडून आडून दोनदा विचारलेलं होतं. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हटलं, काय करायचं?

तिनं शेवटचं कव्हर घडी केलं, मांडीवर ठेवलं, हातानं सपाट केलं.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "आम्ही दोघी राहतो. शुक्रवारी फोन करा, मी घेईन आणि वर येऊन त्यांच्यासमोर बसून सगळं सांगेन, तुम्ही काय जेवलात तेसुद्धा. फक्त जे असेल ते खरं सांगत जा. ते तोंड बघून समजतात, मला त्यांच्यापुढे खोटं बोलता यायचं नाही."